शालू, जांभळा, आधीच उसवलेला

गावभाग, सांगली

पोरी,

रविवारी तू आणि तुझ्या दोघी मैत्रिणी येऊन गेलात. चहा निवून गेला तरी फोनवर माझं बोलणं रेकॉर्ड करत बसलात. जाताना मात्र पायरीवर थांबून तू एकटीनं विचारलंस, "काका, कॉलेजात सीनियरला अहो-जाहो करायचं, वाकून नमस्कार करायचा, हे परत आणायचं का? सर म्हणतात आणा. पोरं हसतात. आणि मला स्वतःलाच पटत नाही." मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो. चार रात्री झोप नीट लागली नाही, म्हणून लिहितोय.

आणू नकोस. अहो-जाहो गेलं तर जाऊ दे. आमच्या वेळच्या निम्म्या रीती मेल्या ते बरंच झालं. फिशपॉण्डच्या आठवणी काढून सगळे गहिवरतात ना, त्यातली एक चिठ्ठी मीच स्टेजवरून वाचली होती. एका मुलीच्या दातांवर होती. काय हशा पिकला! ती मुलगी पुढं वर्षभर मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पडली नाही. तसलं काही परत आणणार असशील तर माझ्या दारात येऊ नकोस.

मला सांगायचंय ते एकच. वही लिही, आणि वही पुढच्याच्या हातात दे.

तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये वहीचं आलं नाही, कारण मी मुद्दाम टाळलं. गॅदरिंगची एक वही असायची. लाल कापडी पुठ्ठ्याची, अडतीतल्या चोपडीसारखी लांबोडकी. मांडववाल्याला किती दिले, लाईटवाला उधारीवर थांबतो की नाही, कुणाच्या आईनं नाटकाला काय दिलं, ते परत कधी गेलं, परत करताना बरोबर काय नेलं, सगळं त्यात. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करतो का? तसंच. पेटी परत करताना पेढ्याचा पुडा, शालू परत करताना नारळ. गॅदरिंगच्या जेवणाची पहिली पंगत शिपाईमामांची आणि मांडवाच्या गड्यांची, पोरं वाढायला. हेही त्यात लिहिलेलं.

आणि आता नीट ऐक. निवडणूक झाली की आठवड्याच्या आत जुना सेक्रेटरी वही घेऊन नव्याच्या घरी जायचा. नव्यानं जुन्याकडं यायचं नाही. मोठ्यानं धाकट्याच्या दारात जायचं. तुझे सर परंपरा म्हणून जे मागतायत, ते याच्या बरोब्बर उलटं आहे. म्हणून तुला पटत नाही. तुझं डोकं ठिकाणावर आहे, एवढंच.

1983-84 ला मी सेक्रेटरी होतो. पुढच्या निवडणुकीत माझा मित्र पडला. जिंकलेल्यांनी मिरवणुकीत आमच्या सायकलींवर गुलाल ओतला, सीटवर, चेनमध्ये, सगळीकडं. मी वही घेऊन गेलो नाही. आठवडा गेला, महिना गेला. शेवटी एका संध्याकाळी भर पावसात नवा सेक्रेटरी झालेला पोरगाच आमच्या दारात आला. "वही देता का?" म्हणाला. मी म्हटलं, "शोधतो." वही आतल्या ट्रंकेत होती, सहा पावलांवर. त्याला आत सुद्धा बोलावलं नाही.

तसं बघायला गेलं तर त्यानं नीट मागितलीही नाही. गुलालाबद्दल एक शब्द नाही. मी एकवीस वर्षांचा होतो, वडील आजारी, अडतीत नोकरी बघत होतो. आणि त्यांना काय, दोन माणसांना विचारून माहिती काढता आली असती. असं मी चाळीस वर्षं स्वतःला सांगत आलोय, तुलाही सांगून बघितलं. जमत नाही.

झालं काय, तर त्या वर्षी पेटी कुणाची हे कुणाला ठाऊक नव्हतं. गॅदरिंग संपल्यावर ती तशीच खोलीत पडली. एक गायनमास्तर होते, त्यांची ती पेटी. तीनदा चालत येऊन गेले. चौथ्यांदा हातगाडी घेऊन आले आणि स्वतः घेऊन गेले. त्यानंतर त्यांनी कॉलेजला पेटी दिली नाही. मग पेटी भाड्यानं आली, मग साउंडवाला आला, आणि आता तुमची ती इव्हेंटवाली मंडळी. भाडं दिलं की कुणाच्या घरी जावं लागत नाही. सोय झाली म्हणतात.

लोक म्हणतात, 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका गेल्या, वर्गात पहिला आला तो प्रतिनिधी झाला, तिथं सगळं मेलं. मीही चारचौघांत तेच म्हणतो. सेमिस्टर आलं, पोरांना वेळ नाही, हेही म्हणतो. खोटं नाही ते. पण आमच्याकडं दहा वर्षं आधीच मेलं होतं, माझ्या ट्रंकेत.

आता रंगभूमी दिनाचं. 5 नोव्हेंबरला नऊवारी आणि फेटे घालून फोटो काढायचे असं ठरतंय म्हणालीस. काढा बाई. पण विष्णुदास भाव्यांनी 1843 ला याच सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं ते राजेसाहेबांच्या आश्रयानं, आणि 1851 ला चिंतामणराव गेल्यावर तो आश्रय संपला, हे फेट्याखालच्या एका तरी डोक्यात असू दे. पुढं भावे मंडळी घेऊन गावोगाव खेळ करत फिरले. वरून हुकूम सुटला म्हणून काही टिकत नसतं गं. तुझ्या सरांची बदली झाली की फेटे कपाटात जातील.

ग्रुपवर सगळं आहे, असंही तुझी ती चष्मेवाली मैत्रीण म्हणाली. ग्रुप म्हणजे वही नव्हे! अॅडमिन पास होऊन पुण्याला गेला की संपलं. मी हळदीच्या अडतीत दिवाणजी म्हणून 38 वर्षं काढली. पाडव्याला नवी चोपडी पूजतात, पण मागची बाकी ओढल्याशिवाय तिच्यात एक ओळ लिहीत नाहीत. कुणाचं किती देणं आहे हे न कळता नवी सुरुवात करणाऱ्याला बाजारात काय म्हणतात ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

वही दाखवा म्हणाली असतीस तर दाखवली असती. 2005 च्या पुरात ट्रंक माळ्यावर टाकली होती. 2019 ला म्हटलं, एवढं काही येत नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या वर. गावभागात काय झालं ते तुझ्या वडिलांना विचार. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर वहीचा निळा लगदा झालेला. शाईची पानं सगळी गेली. एकच पान वाचता येतं, कारण माझ्या आधीच्या सेक्रेटरीनं ते पेन्सिलनं लिहिलं होतं. त्यावर एवढंच आहे: "शालू, जांभळा. काठाला बोटभर उसवलेला, आधीच उसवलेला होता. परत दिला. नारळ दिला." 'आधीच उसवलेला होता' याच्याखाली दोन रेघा. कुणाच्या आईचा संशय कुणाच्या पोरावर येऊ नये म्हणून एका विशीतल्या पोरानं त्या ओढल्यात. याला मी वळण म्हणतो.

तू परत परत विचारशील, नेमकं काय करू? वही लिही. वही पुढच्याच्या हातात दे. तो आवडत नसला तरी दे, त्यानं तुझ्या स्कूटीवर गुलाल ओतला तरी दे. आणि त्याच्या घरी जाऊन दे.

या पत्राबरोबर दोनशे पानी वही पाठवतोय. पहिल्या तीन पानांवर मला आठवतं ते लिहिलंय, पेन्सिलनं. ते पेन्सिलीचं पानही मागं चिकटवलंय, जपून उलट. गायनमास्तर आता नाहीत, पण त्यांचा मुलगा ती पेटी वाजवतो, हरिपूर रोडला राहतो. त्याच्याकडं आधी मी जाऊन येतो, माझं जुनं बोलणं आहे. उरकलं की तुला फोन करतो. मग तू जा, पेटी माग. दिली तर वहीत लिही, नाही दिली तरी लिही.

तुझा,
काका

ता. क. पेढे मोजून घे. त्यांच्या घरी पाच माणसं आहेत.