आधी यम, मग नियम

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सावकाश वाचलं. पहाटे साडेचारला उठणं, गार पाण्याची आंघोळ, एकादशीचा निर्जळी उपास, पाऊण तास जप, रात्री गीतेचा अध्याय. हे सगळं तू न चुकता करतो आहेस याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण त्याच पत्रात एक ओळ तू जाता जाता लिहून गेलास: जपाला बसला असताना बहिणीने डब्यातल्या चटणीसाठी मिक्सर लावला, आणि तू हातातली माळ न सोडता तिच्यावर खेकसलास. पुढे लिहितोस, 'घरात साधनेला वातावरणच नाही.'

मला बोलायचं आहे ते याच ओळीबद्दल. यम म्हणजे दुसऱ्यांशी वागताना पाळायचा संयम, नियम म्हणजे स्वतःला लावून घ्यायची शिस्त. तू नियम धरलेस आणि यम तसेच बाजूला राहिले. नव्याने या वाटेला लागलेल्यांचं असं हमखास होतं, कारण नियम दिसतात. किती वाजता उठलो, किती माळा झाल्या, हे मोजता येतं आणि चार लोकांना सांगताही येतं. ओठांवर आलेला टोमणा गिळला, हाती येत असलेलं दुसऱ्याचं श्रेय घेतलं नाही, याची नोंद कोण ठेवणार? मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात एक श्लोक आहे: शहाण्याने यम सतत पाळावेत, नियम सदासर्वकाळ पाळले नाहीत तरी चालेल, यम सोडून नुसत्या नियमांच्या मागे लागणारा घसरतो. त्या ग्रंथातलं पुष्कळ काही, विशेषतः माणसामाणसांत भेद करणारं, मला मुळीच मान्य नाही. हा श्लोक मात्र योगवर्गात शिकवताना मला पुन्हा पुन्हा खरा ठरताना दिसला आहे.

पतंजलींनीही यम पहिले ठेवले ते उगाच नाही. त्यांच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या भागात, साधनपादात, 30व्या सूत्रात अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य, अपरिग्रह (साठा न करणं) हे पाच यम येतात. 32व्यात शौच (शुद्धता), संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान (ईश्वराला शरण जाणं) हे पाच नियम. 30 ते 45 अशी तब्बल सोळा सूत्रं त्यांनी यम-नियमांना दिली आणि आसनाला फक्त तीन. हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथाच्या परंपरेत दहा यम आणि दहा नियम मोजलेले तुला आढळतील. तिथे मिताहार यमांत श्रेष्ठ आणि अहिंसा नियमांत श्रेष्ठ मानली आहे. पाच की दहा, या वादात तू वेळ घालवू नकोस. पाचांतला एक जरी अंगी लागला तरी पुष्कळ झालं.

मधलं 31वं सूत्र मात्र नीट वाच. जात, देश, काल आणि प्रसंग यांची अट न घालता पाळले तरच यम हे 'महाव्रत' होतं, असं ते सांगतं. योगसूत्रांवरच्या व्यासांच्या टीकेत, व्यासभाष्यात, अटींची उदाहरणं दिली आहेत. मासे धरणारा म्हणतो, मी फक्त मासे मारतो, इतर प्राणी नाही. दुसरा म्हणतो, तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही. तिसरा चतुर्दशी पाळतो, तर चौथा म्हणतो, युद्धाखेरीज नाही. प्रत्येकाजवळ थोडी अहिंसा आहे आणि प्रत्येकाने एक दार उघडं ठेवलं आहे. तुझंही दार आहे. बाहेरच्यांशी तू अदबीने बोलतोस, मी ते पाहिलं आहे. सूट आहे ती घरच्यांपुरती, आणि त्यातही साधनेच्या वेळेपुरती. म्हणजे ज्या वेळी तू सर्वांत शुद्ध असायला हवं, नेमकी तीच वेळ तू अपवाद म्हणून राखून ठेवली आहेस.

ज्ञानेश्वर महाराज ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं लक्षण सांगताना, हिंसेच्या वाटेने अहिंसा गाठू पाहणाऱ्यांना म्हणतात की हे म्हणजे झाडाच्या फांद्या तोडून त्याच्याच बुंध्याला कुंपण घालणं झालं. जपाला शांतता हवी म्हणून घरावर डाफरणं याहून वेगळं नाही. तो भाग सलग वाच. पुढे माउली अहिंसक माणसाच्या चालण्याचं वर्णन करतात: पाण्यातली लाट मोडू नये म्हणून जपून पाय टाकणारा बगळा, केसर चुरडेल या भीतीने कमळावर हलकेच बसणारा भुंगा. अहिंसा म्हणजे नुसतं न मारणं नव्हे, आपल्या वावरण्याचा भार दुसऱ्यावर किती पडतो याचं भान असणं, हे त्या ओव्या वाचताना फार आतून कळतं.

आता 34वं सूत्र. साधकाला याच्याइतकं उपयोगी सूत्र दुसरं नाही असं माझं मत आहे. हिंसा, असत्य वगैरे दोष तीन प्रकारांनी घडतात: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केल्यावर संमती दिलेले. त्यांच्या मुळाशी लोभ असतो, क्रोध असतो किंवा मोह. आणि ते सौम्य, मध्यम किंवा तीव्र असतात. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस झाले. व्यास सौम्य-मध्यम-तीव्र यांचे पुन्हा तीन-तीन पोटभेद करून हिंसेचे एक्याऐंशी प्रकार मोजतात. पाठ करायला हे नको. पण एक दिवस फक्त 'करवलेलं' आणि 'संमती दिलेलं' यावर नजर ठेव. भाऊ उशिरा आला, तू काही बोलला नाहीस, पण आईच्या कानाशी लागून तिला बोलायला लावलंस. ग्रुपवर कुणाच्या रंगावरून, इंग्रजीवरून खिल्ली उडाली आणि तू हसरा चेहरा टाकलास. कामाच्या ठिकाणी साहेबाने तुला नको असलेल्या सहकाऱ्याला सगळ्यांदेखत झापलं. तुझ्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, पण आत गुदगुल्या झाल्या. हात स्वच्छ राहिले म्हणून आपण सुटलो असं आपण धरून चालतो, आणि हे सूत्र नेमकं तिथेच आपल्याला गाठतं.

यावर उपाय 33व्या सूत्रात आहे: प्रतिपक्षभावन, म्हणजे उलट बाजूचा विचार मनात आणणं. दात-ओठ खाऊन राग दाबणं म्हणजे प्रतिपक्षभावन नव्हे. व्यासांचा साधक स्वतःलाच विचारतो, संसाराच्या निखाऱ्यांवर भाजून निघाल्यावर मी योगाला शरण आलो, आणि आता टाकलेलंच पुन्हा उचलू? ओकलेलं चाटणाऱ्या कुत्र्यासारखा? शब्द कठोर आहेत, पण ते स्वतःपुरतेच वापरायचे आहेत. तुझ्यापुरतं सांगते. चिडण्याआधी शरीर आधी कळवतं: जबडा आवळला जातो, श्वास छातीत वर अडकतो, माळेवरचा अंगठा थांबतो. तो थांबलेला अंगठा ओळखायला शीक. तेवढ्यात एकच गोष्ट मनात आण: तिला डबा भरून गाडी गाठायची आहे. मग मिक्सर चालू असतानाच पुढचा मणी ओढ. महिनाभर एवढंच कर. बाकीचे यम थांबतील.

सत्याबद्दल तू विचारलंस की स्पष्ट बोललं तर लोक दुखावतात, मग काय करावं. व्यासांची कसोटी अशी: वाणी प्राण्यांच्या भल्यासाठी असावी, घातच करणारी असेल तर ती खरी वाटली तरी सत्य नव्हे. म्हणून पारखून, सर्वांचं हित पाहून बोलावं. 'मी तोंडावर बोलतो' यात बहुधा सत्यापेक्षा सूड जास्त असतो. पण या कसोटीचा आडोसा घेऊन अवघड गोष्ट सांगायचं टाळूही नकोस.

ब्रह्मचर्यावरून तू स्वतःला फार छळतो आहेस. याज्ञवल्क्यांच्या नावावरील योगग्रंथात गृहस्थाने आपल्या पत्नीशी मर्यादेने केलेला संसारही ब्रह्मचर्यच मानला आहे. तू लग्न करणार आहेस, मठात जाणार नाहीस. आज तुझ्यासाठी ब्रह्मचर्य म्हणजे कुणाही व्यक्तीकडे वस्तू म्हणून न पाहणं आणि रात्री फोन वेळेत बाजूला ठेवणं. मनात विचार आला म्हणून सगळं संपलं असं समजू नकोस.

अपरिग्रहात एकच सुचवते: शिबिरं, ॲप, मंत्र, गुरूंची व्याख्यानं यांचाही साठा होतो. मिळवण्याची धडपड, राखण्याची काळजी, गमावण्याचं दुःख, आसक्ती आणि त्यापायी होणारी हिंसा हे संग्रहाचे पाच दोष भाष्यात सांगितले आहेत, आणि ते या साठ्यालाही लागू पडतात. एक जप, एक ग्रंथ पुरे.

नियम सोड असं मी म्हणत नाही. जप चालू ठेव, गीता चालू ठेव. स्वाध्याय म्हणजे हेच. फक्त तपाकडे पुन्हा बघ. निर्जळी एकादशीनंतर दोन दिवस पित्त उसळतं आणि चिडचिड होते असं तूच लिहिलंस. मनाची प्रसन्नता ढळणार नाही इतकंच तप करावं, असं भाष्य सांगतं. शरीराला पिळून काढणाऱ्या तपाला गीतेच्या सतराव्या अध्यायात आसुरी म्हटलं आहे. तेव्हा पाणी पी, फळं खा. उठण्याची वेळही साडेपाच केलीस तर काही बिघडणार नाही. झोप पुरी झालेला माणूस घरच्यांशी बरा वागतो.

शेवटी, ज्या आश्रमात तू दीक्षेसाठी जाणार म्हणतोस त्याबद्दल. तिथल्या गुरूंची आसनं, वक्तृत्व, शिष्यांची गर्दी यावर जाऊ नकोस. आधी नुसता पाहुणा म्हणून चार-आठ दिवस राहा. स्वयंपाकघरातल्या माणसांशी ते कसे बोलतात, हिशोब उघडा असतो का, प्रश्न विचारणाऱ्याला अहंकारी ठरवतात का, स्त्रियांना आणि मुलांना तिथे निर्धास्त वाटतं का, हे बघ. 31व्या सूत्रात गुरूसाठी सवलत नाही. 'सिद्धाला नियम लागत नाहीत' असं कुणी सांगितलं, किंवा एखादी गोष्ट घरी सांगू नकोस म्हणून बजावलं, तर त्याच दिवशी पिशवी उचल आणि निघून ये. रात्र झाली असली तरी मला फोन कर. गुरूचा अवमान होईल असली भीती मनात आणू नकोस. जायची तारीख ठरली की कळव, मीही सोबत येते.

तुझी,
ताई