पोलंडमधल्या क्राकूव शहराची शिळाछाप चित्रं घेताना आधी काय पाहाल

आधी दहापट भिंग घ्या. शिळाछापात, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून केलेल्या छपाईत, खडूच्या रेघा दगडाच्या पोतामुळे अनियमित, रवाळ दिसतात. एकसारखे, ओळीत बसलेले ठिपके दिसले की ती नंतरची ऑफसेट नक्कल समजा, कागद कितीही पिवळा असो. हातानं भरलेला रंग रेषेबाहेर थोडा सांडतो. छटेसाठी वापरलेल्या दुसऱ्या दगडावरून छापलेली फिकट बदामी छटा मात्र सपाट असते.

तारखेसाठी विक्रेत्यापेक्षा इमारतींवर भरवसा ठेवा. मुख्य चौकातला टाउन हॉल 1820 मध्ये पाडला, मनोरा तेवढा उरला. चौकातल्या सुकेनित्सेचा, म्हणजे जुन्या कापडबाजाराच्या इमारतीचा, कायापालट 1875 ते 1879 मधला, कवी मित्स्किएविचचा पुतळा 1898 चा. अर्थात, जुन्या चित्रावरून पुन्हा काढलेलं चित्र इथे चकवतं. म्हणजे इमारतींवरून दृश्याचा काळ कळतो, छपाईचा नव्हे.

चौकातून पाहताना सेंट मेरी चर्चचा उंच मनोरा डावीकडे हवा. उजवीकडे असेल, तर चित्र दगडावर उलटं न काढल्यानं आरसा झालाय.

चित्रकार ग्वोवात्स्कीची 1836 मधली चोवीस दृश्यं सुरुवातीला उत्तम, पण समास कापलेली प्रत टाळा. चित्रकार-छापखान्याची नावं बहुधा तिथेच, खालच्या बाजूला असतात. आणि चिकटपट्टी कधीच लावू नका. आम्लमुक्त माउंट, गव्हाच्या खळीनं चिकटवलेली कागदी बिजागरी, बस.