लॉनवर पाणी साचून गवत पिवळं पडलंय: माती, युरिया, थिमेट सध्या थांबवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला, तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नेरूळच्या रो-हाउस सोसायटीचं सामाईक लॉन, साधारण १,५०० चौरस फूट, गवत सिलेक्शन वन. गेल्या आठवड्याच्या पावसात निम्म्या लॉनवर घोटाभर पाणी उभं होतं. आता ओसरलंय, पण गवत पिवळं पडलंय, मधे काळपट हिरवा पापुद्रा धरलाय आणि कडेला कुत्र्याच्या छत्र्या उगवल्यात. माळीकाकांचं म्हणणं, लाल मातीचा टेम्पो मागवा, युरिया मारा, थिमेट हे कीटकनाशक टाका. रविवारी कमिटीची मीटिंग आहे आणि तुम्हाला विचारायचंय की सगळं उपटून नवीन लॉन घालावं का.

माझं मत: नवीन घालू नका. आणि माती, युरिया, थिमेट या तिन्ही गोष्टी सध्या करू नका. लॉनचं जेवढं नुकसान पावसाने होतं, त्याहून जास्त पाऊस थांबल्यावरच्या घाईने होतं. हे मी ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये दर पावसाळ्यात बघते. गवत तग धरून असतं, आणि त्याच आठवड्यात त्यावर माणसं, मशीन, माती आणि खत सगळं एकदम येतं.

आधी जमिनीत काय झालंय ते बघा. मातीच्या कणांमधल्या पोकळीत एरवी हवा असते, तिथे आता पाणी भरलंय. मुळांना श्वासाला ऑक्सिजन लागतो आणि पाण्यातून तो हवेच्या मानाने हजारो पट हळू पोचतो. मूळ गुदमरलं की ते नत्र उचलू शकत नाही. त्यातच मातीतलं नत्र काही पाण्याबरोबर खाली वाहून जातं, काही वायू होऊन उडून जातं. म्हणून गवत पिवळं दिसतं. आता अशा मुळाला युरिया दिला तर ते घेणार कसं? तो वाहून गटारात जाणार, किंवा उघडीप पडून ऊन तापलं की पातं जाळणार.

खरी परीक्षा खुरप्याने होते. पिवळ्या भागात तळहाताएवढा चौकोन चार इंच खोल कापून गवतासकट उचला आणि नाकाजवळ न्या. नुसता मातीचा वास आला तर निर्धास्त राहा. सडक्या अंड्यासारखा वास आला आणि माती निळसर करडी किंवा काळी दिसली तर तिथे बरेच दिवस हवा गेलेली नाही. मग एक मूळ चिमटीत धरून हळूच ओढा. जिवंत मूळ पांढरं असतं आणि ताण देतं. सडलेल्या मुळाचं वरचं साल पायमोज्यासारखं निघून हातात येतं आणि आत नुसता दोरा उरतो. आता त्याच तुकड्यातली जमिनीलगत पसरणारी काडी घ्या आणि पेरावर नखाने खरवडा. आत हिरवं-पांढरं ओलसर दिसलं तर ते पेर फुटणार. सिलेक्शन वन ही हरळीच्याच कुळातली जात आहे आणि हरळी किती चिवट ते आपल्या शेतकऱ्यांना विचारा. मुळं गेली तरी पेरं शाबूत असली की उघडिपीत ती परत धरते. असे चौकोन चार-पाच ठिकाणी काढून बघा आणि पुन्हा जागच्या जागी दाबून बसवा. मीटिंगमध्ये हेच तुकडे ताटलीत घालून दाखवा, वाद लवकर मिटेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वापसा येईपर्यंत, म्हणजे माती काम करण्याजोगी सुकेपर्यंत, लॉनवर कोणाचाही पाय नको. मुलांचा फुटबॉल नको, माळीकाकांची फेरी नको, शॉर्टकटने जाणारी स्कूटर तर नकोच. ओली माती पायाखाली दाबली की उरलीसुरली पोकळीही बंद होते आणि पुढचं पाणी आणखी जास्त वेळ उभं राहतं. सुतळी बांधा, पाटी लावा. वापसा ओळखायला मूठभर माती दाबा. गोळा झाला, बोटाने टोचल्यावर फुटला आणि तळहात ओला झाला नाही, की समजा काम करायला हरकत नाही. गोळा लाडवासारखा तसाच राहिला तर अजून थांबायचं.

थांबायच्या काळात एक काम मात्र करा, ते म्हणजे पाण्याचा शोध. तुमच्या दुसऱ्या फोटोत डावीकडे गच्चीचा पावसाळी पाइप दिसतोय, तो थेट लॉनच्या कोपऱ्यात सुटतो. पिवळा पट्टा तिथूनच सुरू होतो आणि उताराने पसरत जातो. हिशोब करून बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. दिवसात १०० मिमी पडला, आणि आपल्याकडे जुलैत तो पडतोच, तर तुमच्या लॉनवर आभाळातून पडणारं पाणी १४ हजार लिटरच्या आसपास. ते १,५०० चौरस फुटांवर पसरून पडतं, लॉन ते बऱ्यापैकी पचवतं. पण ८०० चौरस फुटांची गच्ची त्याच दिवशी सात हजारांहून जास्त लिटर पाणी एका चार इंची पाइपातून एकाच कोपऱ्यात ओतते. तिथली माती तुडुंब होणारच. मला वाटतं तुमचा निम्मा रोग या पाइपात आहे. प्लंबर बोलवून त्याला पुढे तुकडा जोडा आणि पाणी थेट पावसाळी चेंबरमध्ये सोडा. हे काम ओल्या दिवसांतही होतं आणि त्यासाठी लॉनवर चढावं लागत नाही.

नेरूळची आणखी एक गोष्ट. नवी मुंबईचा खाडीकडचा बराच भाग खाजणावर, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीवर, भराव टाकून उभा राहिलाय. मोठी भरती असताना गटारांचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही, त्यासाठीच सिडकोने ते पाणी तात्पुरतं साठवायला धारण तलाव ठेवलेत. साडेचार मीटरवरची भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आला की चेंबर काठोकाठ भरून राहतात. त्या तासांत लॉनवरचं पाणी पंपाने चेंबरमध्ये टाकलं तर ते फिरून तुमच्याकडेच येतं. भरती-ओहोटीच्या वेळा बघा आणि ओहोटी लागल्यावर पंप चालवा. चेंबरमधून उलटं पाणी लॉनवर आलं असेल तर मुलांना तिथे अजिबात सोडू नका. त्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं आणि लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) धोका खरा आहे. काम करणाऱ्याला गमबूट आणि हातमोजे द्या. पायाला जखम असताना त्या पाण्यात उभं राहणं झालं असेल तर ताप यायची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. बागेच्या काळजीत माळ्याची काळजी मागे पडते, म्हणून हे आवर्जून लिहिते.

लाल मातीचं म्हणाल तर गवतावर दोन इंच माती म्हणजे आधीच गुदमरलेल्या गवतावर झाकण. खड्डे भरायचेच असतील तर ऑक्टोबरात, तेही थोडं थोडं, पात्यांची टोकं दिसत राहतील एवढंच.

थिमेट म्हणजे फोरेट. त्यावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. जुना डबा कुठे पडला असेल तर तो वापरू नका, अत्यंत जहाल विष आहे आणि तुमच्या लॉनवर मुलं लोळतात. मुळात ते कशासाठी टाकायचं? फोटोत किडीची खूण नाही. गवत हाताने ओढल्यावर सतरंजीसारखं सुटून आलं आणि खाली इंग्रजी सी आकाराच्या पांढऱ्या अळ्या दिसल्या, तर हुमणी समजा आणि तेव्हा बोलू. वर आलेली गांडुळं पाण्याला कंटाळून बाहेर आलीत, त्यांना मारू नका. हवा आत जायला मातीत पुढे भोकं पाडायची आहेत, त्यातली निम्मी तीच पाडून देणार आहेत.

वापसा आला की मग कामाला लागा. आधी तो हिरवा पापुद्रा. ते शेवाळ आहे, ते गवत मारत नाही, पण वाळलं की मातीवर पापडी धरतं आणि हवा-पाणी अडवतं. दाताळ्याने हलकेच खरवडून गोळा करा. मग मुळांना हवा मिळावी म्हणून भोकं पाडायची. चार दातांचा गार्डन फोर्क घ्या, चार इंच खोल घुसवा, दांडा किंचित मागे-पुढे हलवा आणि काढा, चार-चार इंचांवर. मातीच्या कांड्या बाहेर काढणारं पोकळ दातांचं यंत्र मिळालं तर उत्तमच. ओल्या चिकणमातीत मात्र फोर्क चालवू नका, भोकांच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि काहीच उपयोग होत नाही. तुमचं लॉन तयार गवताच्या लाद्या आणून घातलेलं असेल तर एका लादीची कड उचलून बघा. बऱ्याचदा त्यांच्याखाली चिकणमातीचा थर तसाच राहिलेला असतो, पाणी तिथेच अडतं. भोकं त्या थराच्या पार गेली पाहिजेत.

भोकांत जाडसर, धुतलेली रेती झाडूने ढकला. रेती कुठली, याकडे फार लक्ष द्या. आपल्याकडे खाडीची रेती सहज मिळते आणि ती खारट असू शकते. घरी पाण्याच्या फिल्टरसोबतचं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर वाटीभर रेती लिटरभर फिल्टरच्या पाण्यात ढवळा, निवळू द्या आणि मोजा. आकडा हजारांत गेला तर ती रेती परत पाठवा. क्रश सँडची, म्हणजे दगड फोडून केलेल्या रेतीची, बारीक भुकटीही नको, ती भोकांत घट्ट बसते.

खत नवीन पांढरी मुळं दिसल्यावरच, म्हणजे परत तोच खुरप्याचा चौकोन. पुढचे दोन दिवस जोराचा पाऊस नाही असं बघून १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला पाच ग्रॅम या मापाने सकाळी फवारा. पानांतून थोडं पोचतं, मुळांवर भार पडत नाही. युरिया द्यायचाच झाला तर चौरस मीटरला पाच ग्रॅम, म्हणजे तुमच्या अख्ख्या लॉनला ७०० ग्रॅम. माळीकाका ओंजळीने फेकतात, म्हणून वजन करूनच हातात द्या.

कापणी पावसाळ्यात उंच ठेवा, दीड-दोन इंच, आणि एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. गवत गुडघ्याला लागलं तरी दोन-तीन टप्प्यांत खाली आणा. ओल्या गवतावर विजेचं मशीन चालवू देऊ नका, यात तडजोड नाही. कापलेलं गवत ढीग करून तिथेच सोडलं की त्याखाली बुरशी धरते, उचलून घ्या. सकाळी गवतावर कापसासारखं जाळं आणि खाली तेलकट, लोळलेली पाती दिसली तर ती बुरशीच. त्या भागाला पाणी आणि नत्र बंद, आणि तो भाग शेवटी कापायचा, म्हणजे मशीनबरोबर ती इतरत्र जात नाही. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी आधीपासून दिलेली असेल तर उपयोगी, रोग पसरल्यावर त्याच्या भरवशावर राहू नका.

कुत्र्याच्या छत्र्यांची चिंता सोडा. खाली कुठेतरी जुनं लाकूड किंवा मुळं कुजत असतील, त्यावर त्या वाढतात. लहान मुलं आणि कुत्री तोंडात घालतात म्हणून हातमोजे घालून उपटून टाका, बस. आफ्रिकन गोगलगायी असतील तर संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून ठेवा, सकाळी त्याखाली सापडतील. हात न लावता उचलून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. लॉनवर मीठ पसरू नका, गवत जळेल. लव्हाळा हे तण मात्र वापसा आला की लगेच काढा, माती मऊ आहे तोवर. नुसता ओढला तर पात हातात येते आणि गाठ खाली राहते, खुरप्याने गाठीसकट काढावा लागतो.

ठाण्यातल्या पोडियमवाल्यांनी तुमच्या प्रश्नाखाली विचारलंय, त्यांना एवढंच: पार्किंगच्या स्लॅबवरचं लॉन तुंबलं तर आधी आउटलेटच्या जाळ्या साफ करा, तिथे पानं आणि माती अडकलेली असते. वरून माती अजिबात वाढवू नका. भिजलेली माती घनमीटरला १,८०० ते २,००० किलो भरते, म्हणजे चार इंचांचा थर चौरस मीटरला १८० ते २०० किलो. एवढा वाढीव भार स्लॅबला चालेल का, हे माळ्याने किंवा कमिटीने ठरवायचं नसतं, स्ट्रक्चरल इंजिनीअरने ठरवायचं.

ताई, दसऱ्यानंतर पाऊस गेला आणि गवत सावरलं, की मग उताराचा आणि खडीच्या चराचा विचार करा. शंभर फुटांना एक-दोन फूट उतार पुरतो, पण तो घरांपासून लांब जाणारा हवा. जो भाग सावलीत आणि कायम ओला राहतो तिथे सिलेक्शन वनचा हट्ट सोडून रुंद पानाचं कार्पेट ग्रास लावा, ते ओल आणि सावली दोन्ही सहन करतं. चर कुठून काढायचा हे मात्र मला फोटोवरून सांगता येणार नाही. पावसाळी चेंबरचं झाकण उघडून त्याचा तळ लॉनच्या सगळ्यात खोल कोपऱ्यापेक्षा किती इंच खाली आहे ते मोजा आणि इथे लिहा. तळ खाली असेल तर सच्छिद्र पाइप टाकून पाणी आपसूक जाईल. नसेल तर शोषखड्ड्याचाही उपयोग नाही, कारण भरावात पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वरच असतं. मग लॉनचा तो कोपराच उचलून घ्यावा लागेल.