सायकल कॅरियर टपावर कायमचा ठेवला तर चालेल का?

प्रश्न: माझ्या गाडीच्या टपावर दोन सायकलींचा कॅरियर आहे. आम्ही दोघं जवळजवळ दर रविवारी सायकली घेऊन बाहेर पडतो, आणि दर वेळी तो चढवायचा मग उतरवायचा म्हणजे अर्धा-पाऊण तास जातो, म्हणून गेले चार महिने तसाच ठेवलाय. भाऊ म्हणतो गाडीची वाट लागेल आणि पेट्रोल उगाच जळतंय. मला तर ॲव्हरेजमधे काही फरक दिसत नाही. खरंच काही बिघडतं का?

उत्तर: बिघडतं, पण भाऊ पेट्रोलकडे बघतोय आणि मला जास्त काळजी टपाची आहे.

आधी पेट्रोलचं सांगतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 60 किमीवरून 120 वर गेलात की तो दुप्पट नाही, चौपट होतो. तुमचं रोजचं फिरणं सिग्नल-ते-सिग्नल असेल तर फरक दिसणारच नाही, तुम्ही खोटं बोलत नाही आहात. पण हायवेला तोच रिकामा कॅरियर गाडी मागे ओढत राहतो. 2016 मधे अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले लॅबच्या संशोधकाने दुसऱ्या एका सहकाऱ्यासोबत याचा अभ्यास केला होता, त्यात टपावरच्या रॅकमुळे इंधनाचा खप अगदी काहीच नाही इथपासून 25 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो असं निघालं, रॅक कसला, रिकामा की भरलेला, वेग किती यावर सगळं अवलंबून. इलेक्ट्रिक गाडी असेल तर हेच रेंज कमी झाल्यावर लगेच कळतं.

आता टप. मी स्वतः कॅरियर दोन वर्षं काढला नव्हता. काढला तेव्हा त्याला टपावर पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या रबरी पॅडखाली राखाडी रंगाचा बारीक चिखल सापडला, बोटांवर घेऊन चोळला तर पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागत होता. धूळ आणि पाणी तिथे जातं आणि सुकतच नाही, वर गाडी चालताना क्लॅम्प केसभर का होईना हलत असतो, म्हणजे दोन वर्षं तो चिखल रंगावर घासला जात होता. पुसल्यावर पॅडच्या आकाराचा निस्तेज चौकोन उमटलेला दिसला आणि एका कोपऱ्यात मोहरीएवढा नारिंगी ठिपका. रंग जाऊन पत्रा उघडा पडला होता. मोहरीएवढाच होता म्हणून निभावलं, पण अजून एक वर्ष राहिला असता तर गंज रंगाच्या खालून पसरला असता आणि वरून काही कळलंही नसतं. तेव्हापासून मी हे जो विचारेल त्याला कळकळीने सांगतो.

दुसरं म्हणजे बोल्ट. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात बसलेला असतो आणि दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम गंजून पांढरी पूड धरते, मग आटे असे जाम होतात की काढायला जाल तेव्हा बोल्टच्या डोक्यातल्या ॲलन कीच्या (षटकोनी चावीच्या) खाचेचीच वाट लागते. आणि याच्या उलटंही होतं बरं का, पॅडचं रबर दाबलं जाऊन हळूहळू बसतं आणि क्लॅम्प सैल पडतो. रोज डोळ्यासमोर असलेली वस्तू कोणी हलवून बघत नाही, त्यामुळे कायमचा ठेवलेला कॅरियर सहसा न तपासलेला कॅरियर असतो. त्यावर 15 किलोची सायकल घेऊन तुम्ही हायवेला जाणार!

तुम्ही दर रविवारी जाता म्हणून सगळं काढा असं मी सांगणार नाही. क्रॉसबार, म्हणजे टपावरचे आडवे दांडे, राहू द्या, वरचे सायकल बसवायचे ट्रे तेवढे काढा. बऱ्याच कॅरियरचे ट्रे बारच्या खोबणीत सरकवून बसवलेले असतात, हात बसला की पाच-दहा मिनिटांत निघतात. रविवार रविवार करत राहिलातच तर निदान लागोपाठ दोन आठवडे जायचं नसेल तेव्हा काढायचेच असं ठरवून टाका. आणि दर दोन-तीन महिन्यांनी बारसकट सगळं उतरवून टप आणि पॅड धुवायचे, कोरडे करायचे, मग माहितीपुस्तिकेत जितके न्यूटन मीटर दिलेत तितक्यालाच टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळायचं. अंदाजाने जोर लावून आवळलं तर पत्रा दबतो. ऑटोमॅटिक कार वॉशमधे कॅरियरसकट घालू नका, ब्रश अडकतात.

एक राहिलं, उंची. दीड मीटरची गाडी वर सायकल उभी केली की अडीच मीटरच्या पुढे जाते आणि तळघरातल्या पार्किंगचा आडवा दांडा बऱ्याचदा दोन-सव्वादोन मीटरवर असतो. कॅरियर कायम वर असला की तो दिसेनासाच होतो, आज सायकली आहेत की नाहीत हेही डोक्यात राहत नाही. सायकली चढवल्या की स्टिअरिंगला एक लाल फीत बांधा, वेडेपणा वाटेल पण बांधा.

प्रश्न: रिकाम्या क्रॉसबारमधून ताशी 80 च्या पुढे शिट्टी वाजते, डोकं उठतं. काही उपाय?

उत्तर: बारवरून जाणारी हवा मागे एकसारखे भोवरे सोडते आणि त्यांचाच हा सूर. आधी बारच्या खोबणीतली रबरी पट्टी जागेवर आहे का बघा, ती निघाली असेल तर उघडी खोबणच वाजत असेल. पट्टी ठीक असेल तर बारभोवती जाडसर दोरी तिरकी, वेटोळं घालत गुंडाळून टोकं घट्ट बांधा. उंच धुराड्यांवर अशीच वेटोळी पट्टी बघितली असेल, तीही भोवरे मोडण्यासाठीच असते. दोरी फार देखणी दिसत नाही, पण काम होतं.

प्रश्न: कॅरियरच्या कुलपात किल्ली फिरत नाही, तेल सोडू का?

उत्तर: तेल नको, त्यावर धूळ बसून आणखी घट्ट होईल. ग्राफाइटची पूड घाला, किल्ली हलकेच आतबाहेर करा, जोर लावून मोडू नका. आणि किल्लीवर नंबर कोरलेला असेल तर त्याचा आजच फोनमधे फोटो काढून ठेवा, किल्ली हरवली तर त्याच नंबरावरून दुसरी मागवता येते.