किलोवर आणलेल्या अर्धवट कोनांतून हातमागावर किती कापड निघेल, हे कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न असा की सोलापुरातून किलोवर घेतलेले सुताचे काही अर्धवट कोन (शंकूवर गुंडाळलेलं सूत) आहेत, नंबराच्या चिठ्ठ्या गेल्यात, आणि घरच्या लहान मागावर ते वाया न घालवता कसे वापरायचे. मी सोलापुरात हातमागावरच विणते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एका ग्रॅममध्ये किती मीटर सूत आहे ते काढा. सुती नंबर म्हणजे एका पौंडात 840 यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. त्याला 1.69 ने गुणलं की ग्रॅममागे मीटर मिळतात. दोन-वीसचं सूत म्हणजे वीस नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेलं, म्हणून हिशेबाला दहा नंबर धरायचा: ग्रॅमला सुमारे 17 मीटर. नंबर माहीत नसेल तर खुर्चीच्या पाठीभोवती, न ओढता, 100 मीटर गुंडाळा आणि बारीक काट्यावर तोला. दोन-वीस असेल तर 6 ग्रॅमच्या जरा खाली भरेल. मग कोन तोलून त्यातून रिकाम्या कोनाचं वजन वजा करा. नमुना आणि कोन एकाच दिवशी तोला. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत ओलावा सोडतं आणि हलकं भरतं.

आता ताणा, म्हणजे मागावर लावलेले उभे धागे. समजा 20 इंच पन्ह्याचे, दोन-दोन मीटरचे दोन स्टोल, इंचाला 32 धागे: एकूण 640 धागे. 4 मीटर कापडाला आकसण्याचे दहा टक्के आणि मागावर अडकून राहणारे पाऊण मीटर धरले की प्रत्येक धागा 5.2 मीटर. ताण्याला जवळपास 200 ग्रॅम लागतात. बाणा म्हणजे आडवे धागे; ते इंचाला 28 घातले तर बाणा दीडशे ग्रॅमच्या आत बसतो.

माझा आग्रह इथे आहे: नक्षी आधी ठरवून सूत शोधू नका, कोनाच्या वजनावरून पट्ट्याची रुंदी ठरवा. वरच्या हिशेबात एका धाग्याला 0.31 ग्रॅम जातात. म्हणजे 60 ग्रॅमच्या लाल कोनातून 190 धागे, सुमारे सहा इंचांचा पट्टा. 25 ग्रॅमच्या पिवळ्यातून अडीच इंच. कागदावर असे पट्टे मांडत गेलं की पन्हा भरतो आणि ताणा करताना कोन मध्येच संपत नाही. प्रत्येक रंगाचे पाच-सहा धागे कमीच धरा, तुटलेले सांधायला ते लागतात. सुती धागा कोरडा असला की जास्त तुटतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये मागाजवळ ओलं पोतं टांगा.

दोन स्टोल दोन वेगळ्या ताण्यांवर काढू नका. मागावर राहणारं पाऊण मीटर दर वेळी 28 ग्रॅम खातं. लांब ताणा एकदाच करा, किंवा नव्या ताण्याची टोकं जुन्याला गाठून पुढे ओढा.

बाण्यात मात्र मोकळीक आहे. 10-15 ग्रॅमचे शेवट कांड्यांवर, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर, भरून ठेवा. एकच रंग पण वेगळ्या घाणीतला (वेगळ्या वेळी रंगवलेला) असेल तर दोन धोटे (बाणा ताण्यातून आरपार नेणारी साधनं) घेऊन दोन-दोन धागे आलटून पालटून घाला, फरक दिसत नाही. गडद लाल आणि काळा मात्र आधी गरम पाण्यात पांढऱ्या चिंधीसोबत भिजवून बघा. रंग सोडत असतील तर ते पांढऱ्याशेजारी घालू नका.