क्लास न लावता जर्मन: शब्द इंग्रजीतून घे, वाक्य मराठीतून

बेटा,

तुझा मेसेज आला तेव्हा शिफ्टवर होतो, आता जरा निवांत बसून लिहितोय. धुळ्याला हॉस्टेलवर राहून, नर्सिंगचं तिसरं वर्ष चालू असताना, क्लास न लावता जर्मन होईल का असं विचारलंस. होईल ना. भाषेच्या पायऱ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात. बी-वनपर्यंत तर नक्कीच होईल, बी-टूला मात्र समोर बोलायला कोणीतरी माणूस लागतो, त्याचं पुढे सांगतो.

मी काही जर्मनचा प्रोफेसर नाही, तुला माहितीच आहे. जळगाव एमआयडीसीत पाइपाच्या कारखान्यात मशिनी जर्मनीच्या, मॅन्युअल जर्मनमध्ये, आणि तिकडचा सर्व्हिस इंजिनिअर आला की त्याच्या मागे मागे फिरायचं काम माझ्याकडे, त्यातून जेवढं आलं तेवढं आलं. म्हणून मी जे सांगतोय ते पुस्तकातल्या धड्यांच्या क्रमाने नसेल, कामाचं आधी आणि बाकीचं मागून.

तू म्हणतेस यूट्यूबवर सगळं इंग्रजीतून शिकवतात आणि पहिल्याच व्हिडिओत घाबरवतात की तीन लिंगं आहेत, चार विभक्त्या आहेत, क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. अगं ते व्हिडिओ ज्यांना फक्त इंग्रजी येते त्यांच्यासाठी बनवलेत. त्यांना टेबलाला लिंग असतं हेच पहिल्यांदा कळतं म्हणून ते घाबरतात. तू तो, ती, ते म्हणतच मोठी झालीस, विभक्ती प्रत्यय आठवीत पाठ केलेस, आणि क्रियापद शेवटी टाकल्याशिवाय तुझं वाक्यच संपत नाही. म्हणून माझं एकच सांगणं आहे, शब्द इंग्रजीतून घे आणि वाक्य मराठीतून घे. बहुतेक पोरं उलटं करतात, इंग्रजी वाक्य डोक्यात तयार करतात आणि एकेक शब्द बदलत बसतात.

आधी शब्दांचं. इंग्रजी आणि जर्मन एकाच घरातल्या भाषा आहेत आणि जुन्या काळी जर्मनमधले काही उच्चार ठरावीक पद्धतीने बदलले, ती पद्धत एकदा कळली की शेकडो शब्द ओळखीचे वाटतात. इंग्रजीतला ट तिकडे स किंवा त्स होतो, वॉटरचं वासर, टेनचं त्सेन. प चा फ किंवा प्फ होतो, शिपचं शिफ, अ‍ॅपलचं आप्फेल. क चा ख होतो, मेकचं माखन. ड चा ट होतो, डे चं टाग, ड्रिंकचं ट्रिंकन. आणि थ चा ड, थ्रीचं ड्राय. एक नवीन शब्द आला की लगेच डिक्शनरी उघडू नकोस, आधी हा बदल उलटा करून बघ, निम्म्या वेळा अंदाज बरोबर निघतो. काही ठिकाणी फसशील पण, वेअर म्हणजे कोण आणि वो म्हणजे कुठे, इंग्रजीच्या कानाला नेमकं उलटं ऐकू येतं.

आता वाक्याचं, आणि हे नीट वाच कारण तुझ्या कामात हेच सगळ्यात जास्त लागणार आहे. वॉर्डात पेशंट काय म्हणतो? मला चक्कर येतेय. मला थंडी वाजतेय. इंग्रजीवाला इथे आय अ‍ॅम, आय फील करत बसतो. जर्मन पेशंट म्हणतो मीर इस्ट श्विंडलिश, मीर इस्ट काल्ट. हे मीर म्हणजे सरळ आपलं मला. मी नाही, मला. चक्कर मला येते, थंडी मला वाजते, जेवण मला आवडतं, डास श्मेक्ट मीर. पोट दुखतंय हे सांगतानासुद्धा मीर टूट डेअर बाउख वे. इंग्रजीतून शिकणारा इश बिन काल्ट म्हणून मोकळा होतो आणि त्याचा अर्थ भलताच होतो, की मी थंड स्वभावाचा आहे म्हणून. तुझ्या मनात मला आलं की जिभेवर मीर येऊ दे, मध्ये इंग्रजीला आणूच नकोस. त्याला म्हणजे ईम, तिला म्हणजे ईअर. ही विभक्ती पुस्तकात डाटिफ नावाने येईल, तेव्हा तिचा तक्ता बघ, त्याआधी पेशंटची वीस-पंचवीस वाक्यं तोंडात बसलेली असू देत.

तसंच कारण सांगताना. वाइल डेअर पात्सिएन्ट फीबर हाट. शब्दाला शब्द लावून बघ, कारण, पेशंट, ताप, आहे. हाट शेवटी, जसं आपलं आहे शेवटी. वाइल (कारण), डास (की), वेन (जर, जेव्हा) असले शब्द आले की वाक्य मराठीसारखं चालतं. साध्या वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागेवर अडून बसतं, सुरुवात कशानेही कर. आज माझी ड्युटी आहे म्हणजे हॉइटे हाबे इश डीन्स्ट, हाबे दुसऱ्या नंबरवर. आणि काही क्रियापदं फुटतात, डॉक्टरांना फोन करते म्हणजे इश रूफे डेन आर्त्स्ट आन, तो शेवटचा आन क्रियापदाचाच तुकडा आहे, तो ऐकेपर्यंत वाक्य कळलं असं समजू नकोस.

आकड्यांनी तर इंग्रजीवाले रडकुंडीला येतात. आपण बावन्न म्हणताना दोन आधी म्हणतो ना, तेपण तसंच, त्स्वाय-उंड-फ्युन्फ्त्सिश, दोन आणि पन्नास. पंच्याऐंशी, त्र्याहत्तर, सगळं आपल्यासारखं, फक्त एकोणचाळीसवाले आकडे सोडून, तिथे ते सरळ नऊ आणि तीस म्हणतात. एक गोष्ट लिहून भिंतीला चिकटव, तिकडे पॉइंटच्या जागी स्वल्पविराम लिहितात. ताप ३९,२ म्हणजे एकोणचाळीस पॉइंट दोन, बोलताना नॉयन-उंड-ड्राइसिश कोमा त्स्वाय. आणि आपण हजारात स्वल्पविराम देतो तिथे ते टिंब देतात, १.००० म्हणजे एक हजार. औषधाच्या डोसात हे चुकलं तर काय होईल ते मी तुला काय सांगू.

जिथे मराठी हात देत नाही तेही ऐकून घे. लिंगं तीन असली तरी जुळतीलच असं नाही, रक्त आपल्याकडे ते आणि तिकडेही डास ब्लूट, पण ताप आपला तो आणि त्यांचा डास फीबर. म्हणून एकटा शब्द पाठच करू नकोस, पुढे डेअर (तो), डी (ती), डास (ते) हे लिंग दाखवणारे शब्द लावूनच पाठ कर. शेवटी उंग, हाइट, काइट असलं की डी, शेन असलं की डास, एवढे दोन नियम पुष्कळ काम करतात. विशेषणांना ज्या शेपट्या लागतात त्यांचा तक्ता ए-टू होईपर्यंत बघूच नकोस असं माझं मत आहे, तिथेच लोक कंटाळून भाषा सोडतात, आणि शेपटी चुकली तरी पेशंटला सगळं कळतं.

उच्चार पहिल्या दिवसापासून. त्यांचा झेड म्हणजे आपला चुलीतला आणि चाकातला च, इंग्रजीत तो शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, तुला आयता मिळालाय. यू वर दोन टिंबं दिसली की ई म्हण पण ओठ ऊ चे ठेव, ओ वर दिसली की ए म्हण आणि ओठ ओ चे. देवनागरीत उच्चार लिहून घ्यायची सवय पहिल्या आठवड्यानंतर सोड, मी इथे लिहितोय ते फक्त तुला वाचता यावं म्हणून, खरा उच्चार ऐकूनच येणार.

मटेरियलला पैसे घालू नकोस. डॉइचे वेले म्हणून त्यांची सरकारी पैशांवर चालणारी वाहिनी आहे, तिचा निकोस वेग नावाचा कोर्स ए-वन ते बी-वन पूर्ण फुकट आहे, स्पेनहून एक पोरगा जर्मनीत येतो आणि एअरपोर्टवर त्याची बॅग हरवते अशी सुरुवात आहे, तोच एक कोर्स धरून शेवटपर्यंत जा. दहा अ‍ॅप डाउनलोड करून काही होत नाही, डुओलिंगो एसटीत टाइमपासला ठीक. शब्दांसाठी अंकी हे पत्त्यांवर शब्द पाठ करायचं अ‍ॅप घे पण दुसऱ्याने बनवलेले पत्ते नको, तू वॉर्डात जे रोज बघतेस त्याचेच बनव, सुई, बँडेज, ताप, बीपी, आणि पत्त्यावर एकटा शब्द नको, अख्खं वाक्य. बी-वनच्या जवळ आलीस की डॉइचे वेलेच्याच हळू वाचलेल्या बातम्या ऐक, समोर मजकूर असतो. आणि आपोटेकेन उमशाऊ नावाचं त्यांच्याकडे औषधांच्या दुकानात मिळणारं आरोग्याचं मासिक आहे, त्याच्या वेबसाइटवर सोप्या भाषेतले लेखही असतात, आजार तुला माहिती असल्यामुळे भाषा आपोआप कळत जाते.

बोलायचं कसं हा खरा प्रश्न. सुरुवातीला एकटीच बोल, फोनवर रेकॉर्ड कर, मूळ ऑडिओच्या शेजारी ठेवून ऐक. रूममेटला पेशंट कर. ए-टू झालं की आठवड्यातून एकदा ऑनलाइन कोणीतरी गाठ, मराठी किंवा हिंदी शिकू बघणारे जर्मन लोक सापडतात, त्यांना आपली भाषा द्यायची आणि त्यांची घ्यायची. तुम्ही आणि तू चा फरक तिकडेही आहे, झी आणि डू, पेशंटला आणि डॉक्टरांना कायम झी.

आणि एक, पुस्तकातली जर्मन ही तिथली प्रमाण भाषा. तू घरी शे म्हणतेस आणि कॉलेजात आहे म्हणतेस, तसं तिकडचे म्हातारे पेशंट आपल्या गावच्या बोलीत बोलतात, दक्षिण जर्मनीतल्या श्वाबन भागातला म्हातारा तुला पहिल्या दिवशी काहीच कळणार नाही. अहिराणी बोलणाऱ्या पोरीने त्यात घाबरायचं काही नाही.

परीक्षेसाठी क्लास लावलेलाच पाहिजे असं नसतं, जर्मन शिकवून परीक्षा घेणारी संस्था म्हणजे मॅक्समुल्लर भवन, तिथे बाहेरूनही बसता येतं, आपल्याला पुणे किंवा मुंबई. बी-वन आणि बी-टूला वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग वेगवेगळे देता येतात, प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात, म्हणजे बोलणं कच्चं असेल तर बाकीचे तीन आधी काढून घे. जागा पटकन भरतात, तारखांवर लक्ष ठेव. नर्सिंगच्या मान्यतेला साधारण बी-टू मागतात, त्यामुळे ए-वनच्या सर्टिफिकेटवर पैसे घालवायची तुला गरज नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी करार केल्यापासून गल्लोगल्ली एजंट झालेत, सहा महिन्यांत बी-टू आणि नोकरी पक्की म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नकोस, मला आधी फोन कर.

या रविवारी रात्री मला व्हॉइस मेसेज पाठव. पाच वाक्यं, पाचही मीर ने सुरू होणारी, आणि कागदावर बघून वाचायची नाहीत. ऐकून लगेच उत्तर देतो.

काका