बिल्डरची दोन कोटींची नोटीस आणि रात्रीचे निनावी फोन

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी नाशिकला फ्लॅटचा ताबा घेतला. दर पावसाळ्यात स्लॅब गळतो. फोटोंसह गुगल आणि फेसबुकवर लिहिलं, तर बिल्डर कंपनीच्या वकिलाची दोन कोटींच्या अब्रुनुकसानीची नोटीस आली : सात दिवसांत मजकूर काढा, जाहीर माफी मागा. तेव्हापासून रात्री धमकीचे निनावी फोन येतात. न मागवलेली कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं दारात येतात. ‘ही बाई खंडणीखोर आहे’ असा मेल ऑफिसलाही गेला. घरचे म्हणतात, माफी मागून मोकळी हो. काय करू?

उत्तर : ताई, माफीनामा लिहून देऊ नका. उद्या गळतीची तक्रार घेऊन महारेरात (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात) गेलात की तोच कागद तुमच्यासमोर धरला जाईल.

नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. नोटिशीत दोन कोटी लिहायला काहीच पडत नाही. दाव्यात मागायचे तर कोर्ट फी भरावी लागते. तरी गप्प बसू नका, मुदतीत वकिलामार्फत चार ओळींचं उत्तर द्या.

तुमचा मजकूर मी वाचला. गळतीच्या तारखा, फोटो, कंपनीला केलेले मेल, यातला शब्दही काढू नका. दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव आहे. फौजदारीत, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये, सत्याबरोबर लोकहितही दाखवावं लागतं; घर घेऊ पाहणाऱ्यांना सावध करणं त्यात बसतं. पण ‘अधिकाऱ्यांना पैसे चारून भोगवटा दाखला मिळवला’ हे तुमचं एक वाक्य आहे ना, तेच तुम्हाला गोत्यात आणेल. पुरावा आहे? नसेल तर आधी स्क्रीनशॉट घ्या आणि ते वाक्य आजच काढून टाका.

कंपनी कोर्टात गेलीच, तर पहिल्याच दिवशी, शक्यतो तुमच्या गैरहजेरीत, मनाई हुकूम मागेल. म्हणून नाशिकच्या दिवाणी न्यायालयात आणि कंपनीचं मुख्य कार्यालय असेल तिथे कॅव्हेट, म्हणजे ‘माझं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, लावून ठेवा. ते 90 दिवस चालतं. असे हुकूम सहजासहजी द्यायचे नसतात. ओडिशातल्या धामरा बंदरावरून टीका करणारा ऑनलाइन खेळ ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेने काढला, तेव्हा टाटा सन्सने 10 कोटींचा दावा लावला होता. 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेविरुद्धचा एकतर्फी हुकूम रद्द करताना खालच्या कोर्टांना हेच बजावलं.

आता फोन आणि पार्सलं. हे कंपनीच करवते, असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटतं. पण तसं कुठेही लिहू नका. लिहिलंत तर नव्या दाव्याला आयतं कारण मिळेल. मोठ्या कंपन्या या थराला जातात का? जातात. 2019 मध्ये अमेरिकेत ईबे या ऑनलाइन विक्री कंपनीच्या सुरक्षा विभागातल्या लोकांनी टीकात्मक बातमीपत्र चालवणाऱ्या एका जोडप्याच्या घरी जिवंत झुरळं, कोळी आणि अंत्यविधीचं पुष्पचक्र पाठवलं, वर पाळतही ठेवली. जोडप्याच्या ती लक्षात आली, त्यांनी पोलिसांना कळवलं, आणि भाड्याच्या गाडीवरून धागा थेट कंपनीपर्यंत गेला. सुरक्षा विभागाच्या प्रमुखाला 57 महिन्यांची कैद झाली; कंपनीने 2024 मध्ये 30 लाख डॉलर दंड भरला.

तुमच्याकडे तो धागा म्हणजे पार्सलवरचं स्टिकर. पार्सल परत करण्याआधी ऑर्डर नंबर आणि विक्रेत्याचं नाव दिसेल असा फोटो काढा. ऑर्डर कोणत्या खात्यातून पडली, हे पोलीस विक्रेत्याकडून लेखी मागवू शकतात. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज पुसलं जाण्याआधी कॉपी करून घ्या. कॉल लॉग असलेला फोन विकू किंवा रीसेट करू नका. डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडताना मूळ उपकरण लागेल.

निनावी धमकीला न्याय संहितेचं कलम 351(4) आहे, पण पोलीस बहुधा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेऊन पाठवतील. तिची प्रत घ्या आणि तपासाच्या परवानगीसाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पाठलागाचं कलम 78 ओढूनताणून लावायला सांगू नका. ते जवळीक साधू पाहणाऱ्या पुरुषासाठी आहे, इथे टिकणं अवघड. ऑफिसला मात्र आजच लेखी कळवा, सोबत नोटिशीची प्रत जोडा. खंडणीखोर म्हणणारा तो मेल हीसुद्धा अब्रुनुकसानीच आहे, आणि ती तुमची.

आणि या धावपळीत गळती विसरू नका. रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला, की बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. तुमची दोन वर्षं उरलीत. नोटिशीच्या उत्तरातच ही मागणी घाला आणि 31व्या दिवशी महारेरात तक्रार नोंदवा.